गोल कातरलेली पानं

सलग दुसऱ्या साली पावसानं दगा दिला आणि सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. शिवारात ऊसच नाही, तर शेतकी अधिकारी उत्तरेश्वरला काम काय द्यायचं? कारखान्याचे चेअरमन अर्जुनराव यांनी कचेरीपुढच्या गुलाबांकडं बोट दाखवलं.

"पानं कोण खातंय ते हुडका. सभेला लोक येणार हायत."

उत्तरेश्वरची छाती फुगली. उसाची खोडकीड आपण नुसत्या वासावरून ओळखतो, असं तो अठरा वर्षं सांगत आला होता. दुसरं कुणी तसं कधी म्हणालं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

गुलाबाच्या पानांच्या कडा गोल कातरलेल्या होत्या, शर्टाचं बटण ठेवून कापाव्यात तशा. त्यानं निदान केलं, अळी! निंबोळी अर्क फवारला. दोन दिवसांत आणखी पानं गेली. अळी काही दिसेना, तिची लेंडीसुद्धा सापडेना. मग निदान बदललं, नाकतोडे! नाकतोडा औषधालाही नव्हता, पण अहवाल तयार झाला. 'नाकतोड्यांचा तीव्र प्रादुर्भाव.' 'तीव्र'खाली त्यानं पट्टीनं रेघ मारली आणि कागद चेअरमनकडं धाडला.

पानं कातरली जातच राहिली. आता उरली भिवराबाईंची शेळी. भिवराबाई नांदूरघाटच्या. दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला जायच्या. यंदा तोडच नसल्यानं कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासत होत्या आणि तेच खरकटं पाणी बादलीनं गुलाबांना घालत होत्या. त्यांच्याच जिवावर ती झाडं हिरवी होती.

"भिवराबाई, शेळी बांधून ठेवत जा. गुलाब खाती ती."

भिवराबाईंनी बादली खाली आदळली. "सायेब, शेळी काय बटणाचं माप घिऊन चावती व्हय? ती आली तर काट्यासकट झाड फस्त करंल!"

उत्तरेश्वर पुन्हा एक पान उलटंपालटं करून बघू लागला.

"तुमी झाडाम्होरं कवा बसलाव का? येता, फुसफुस फवारता, जाता. बसा हितं."

तो बसला. साहेब उन्हात वाफ्याच्या कडेला बसलेला पाहून कारकून खिडकीत जमले. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरू लागला तेव्हा एक काळसर माशी आली, मधमाशीएवढी. पानाच्या कडेला चिकटली, गर्रकन फिरली आणि हिरवी चकती पोटाशी धरून उडाली.

"बगितलं? पोरांसाठी घर करती ती. पानाचा द्रोण करून त्यात अंडं घालती," भिवराबाई म्हणाल्या.

"तुम्हाला ठावं होतं? मग आधी कावून न्हाई सांगितलं?"

"तुमी इचारलं कवा?"

माशी परत आली आणि दुसरी चकती कातरून उडाली, तशी दोघं तिच्यामागं निघाले. ती व्हरांड्यात शिरली आणि एका दाराजवळच्या पाटीपाशी गेली. पाटीचा एक स्क्रू कधीचा पडला होता. त्या भोकात माशी चकतीसकट गडप झाली. पाटीवर लिहिलं होतं, 'उत्तरेश्वर तिडके, शेतकी अधिकारी'.

भिवराबाईंनी पदर तोंडाला लावला. खिडकीतल्या कारकुनांनी तेवढंही केलं नाही. उत्तरेश्वरला आधी लाज वाटली, मग त्यालाच हसू फुटलं. अंगणात नाकतोडे हुडकत होतो आणि चोर आपल्याच नावाखाली बिऱ्हाड थाटून बसला होता!

"शेळीचं चुकलंच माझं," तो म्हणाला.

"माझं ठीक हाय. शेळीला सांगा," भिवराबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तो चेअरमनपुढं उभा राहिला. "साहेब, तो कागद फाडून टाका. नाकतोडे न्हाईत. शोध भिवराबाईंनी लावला."

सगळं ऐकून अर्जुनराव म्हणाले, "मग औषध कोणतं मारायचं?"

"कोणतंच न्हाई. चार पानं कातरल्यानं झाड मरत न्हाई. उलट ही माशी फुलाफुलांवर फिरून फळ धरायला मदत करती."

"आणि तुमची ती निंबोळी?"

"ती मी उगाच फवारली, साहेब. मोठेपणासाठी."

अर्जुनराव खदखदून हसले. सभेला कातरलेल्या पानांचेच गुलाब उभे राहिले आणि कुणी त्यांच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. आता नेकनूर गावाकडून कुणी रोगट जास्वंद घेऊन आला, की उत्तरेश्वर चष्मा पुसतो, खाली बसतो आणि निदान सांगण्याआधी कँटीनकडं तोंड करून हाक मारतो, "भिवराबाई, जरा येता का?"