डुमसची फेरी

बेबाबाईला राग आला की ती बोलत नसे, काम करत असे. पहूरच्या त्या आळीत सगळ्यांना ते ठाऊक होतं. अंगणात धुणं जोरात आपटल्याचा आवाज आला की शेजारीण म्हणायची, आज तोताराम काहीतरी बोललेला दिसतो. पण या खेपेचा राग धुण्यावर निघण्यासारखा नव्हता. तो सुरतेच्या फेरीवरून सुरू झाला होता आणि घरात मुक्कामाला राहिला होता.

तोतारामचा धाकटा भाऊ जीवराम सुरतेला उधन्यात कापडाच्या लूमवर कामाला होता. त्याला मुलगा झाला म्हणून तोताराम आणि बेबाबाई बाळंतविडा घेऊन गेले. जळगावहून पॅसेंजर गाडी, बरोबर डिंकाचे लाडू आणि घरच्या कापसाची दुपटी. पहिल्यांदाच इतक्या लांब. जीवरामच्या एका खोलीत सगळे दाटीवाटीनं झोपले. रविवारी सुट्टी होती, तर जीवराम म्हणाला, "चला, तुम्हाले समुद्र दाखवतो." त्याची बायको सुंदरबाई तान्ह्याला घेऊन निघाली. बसमध्ये उभं राहून ते डुमसला पोचले तेव्हा उन्हं उतरली होती.

समुद्र बेबाबाईला वाटला होता तसा निळा नव्हता. वाळूही काळी होती, त्यांच्या रानातल्या मातीसारखी. पाणी लांब मागे सरलं होतं आणि ओल्या वाळूवर माणसं, भेळेच्या गाड्या, घोडे. आणि एक उंट. गळ्यात घुंगरं, पाठीवर आरसे लावलेली झूल. पांढऱ्या फेट्याचा म्हातारा त्याची दोरी धरून उभा होता.

तोतारामलाच हौस आली. "बसू," तो म्हणाला. "पहूरात कोन बसलं आजवर उंटावर?"

बेबाबाई नको म्हणाली. एवढ्या लोकांत कसं चढायचं, लुगडं कसं सावरायचं. पण जीवरामही मागं लागला, सुंदरबाईही हसून म्हणाली, "बसा ना, अक्का." उंट खाली बसलेला होता. पुढं तोताराम, मागं ती. म्हाताऱ्यानं जिभेनं टकटक आवाज केला आणि उंटानं आधी मागचे पाय उचलले.

उंट मागचे पाय आधी उचलतो, हे तोतारामला कुणी सांगितलं नव्हतं. तो एकदम पुढं फेकला गेला, उंटाच्या मानेवर आडवा पडला. टोपी वाळूत. मग पुढचे पाय उठले तसा तो मागं बेबाबाईवर आदळला आणि ओरडला, "उतरव! ए भाऊ, उतरव रे! पडलो! उतरव, उतरव!"

जवळची माणसं हसायला लागली. म्हाताऱ्यानं उंट पुन्हा बसवला, तेव्हा तोताराम आणखी एकदा किंचाळला. पाय जमिनीला लागल्या लागल्या तो चटकन बाजूला झाला. चेहरा पांढरा पडला होता. टोपी झटकून डोक्यावर ठेवत तो बायकोला म्हणाला, "उतर तू बी. काही खरं नही ह्या जनावराचं."

बेबाबाईनं पलाणाचा लाकडी दांडा दोन्ही हातांनी धरला होता. तिचीही छाती धडधडत होती. म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाहिलं. "बेन, उतरवुं छे?"

"नही," ती म्हणाली. "मी बसते. चाला."

हे आपण बोललो यावर तिचाच विश्वास बसला नाही. तोवर उंट उठला होता.

म्हातारा दोरी धरून चालत होता, पुढं पुढं, जिथं माणसं संपतात आणि सरूची झाडं सुरू होतात तिकडं. सुरुवातीला तिनं डोळेच मिटले होते. मग उंटाची चाल अंगात बसली. तिनं डोळे उघडले तर सूर्य समोर, पाण्याला टेकायला आलेला, आणि ओल्या वाळूवर त्याचा तांबडा उजेड थेट उंटाच्या पायांपर्यंत. वारा आला, डोक्यावरचा पदर खांद्यावर गेला. तिनं तो वर ओढला नाही. इथं सासरा नव्हता, दीर मागं राहिला होता, आणि म्हातारा तर मागं वळूनही पाहत नव्हता. तिला हसू आलं. कुणी सांगितलं म्हणून नाही, कुणाला दाखवायला नाही. एकटीच, उंचावर बसून, ती मोठ्यानं हसली.

परत आली तेव्हा सुंदरबाई टाळ्या वाजवत होती. तोताराम भेळेच्या गाडीशी पाठ करून उभा होता. उधन्याला पोचेपर्यंत तो बोलला नाही.

बोलला तो पहूरला आल्यावर. बस स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर, लोकांनी सुरतेचं विचारलं तेव्हा. संध्याकाळी घरी कोतवालाची बायको आली ती पोट धरून हसतच.

"काय वं बेबा, उंटावर रडली म्हने तू! 'उतरवा, उतरवा' करत व्हती? तोतारामभाऊनं धरली म्हून वाचली!"

बेबाबाई भाकरी थापत होती. हात थांबला. मग तिनं भाकरी तव्यावर टाकली. पुरुषमाणूस आहे, चार लोकांत आपली भीती झाकतो, झाकू दे, असं तिनं मनाशी म्हटलं. एकदा सांगेल, दोनदा सांगेल.

तोताराम एकदोनदा सांगून थांबला नाही. गोष्ट चांगली रंगते हे त्याला कळलं होतं. लग्नाच्या पंगतीत, बैलांच्या बाजारात, गिरणीवर, पाहुणे आले की घरच्या ओट्यावर. दर खेपेला त्यात भर पडे. आधी ती नुसती ओरडली होती. मग रडली. मग त्याच्या गळ्याला मिठी मारली. मग लुगडं ओलं झालं. तो बायकी आवाज काढून "उतरवा वं माय, उतरवा" म्हणायचा आणि माणसं लोळायची. आळीतली पोरं तिला पाहून उंटासारखी मान हलवत. पाण्याला गेली तर बायका म्हणत, "उंटवाली आली, सरका."

चिडवण्याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. पण ते "उतरव, उतरव" त्याचं होतं. त्यानं स्वतःचं ओरडणं काढून तिच्या तोंडात घातलं होतं. आणि ती फेरी, तो तांबडा उजेड, ते हसू, जे आयुष्यात एकदाच तिच्या एकटीच्या वाट्याला आलं होतं, ते गोष्टीत कुठंच नव्हतं. हळूहळू असं झालं, की डोळे मिटले तरी तिला आधी टपरीवरची माणसं दिसायची, समुद्र नंतर.

एकदा कपाशी निंदताना तिनं विचारलंच. "लोकायले काय सांगता तुम्ही? कोन उतरलं व्हतं?"

तोताराम हसला. "लोक हसतात. तुव्हं काय जातं त्यात?"

"खोटं हाये ते."

"मंग? कीर्तन हाये का खरं सांगाले?" असं म्हणून तो बांधाकडं गेला. त्याच्या चेहऱ्याकडं पाहून तिला आणखीच संताप आला. त्यात चोरटेपणा नव्हता. सांगून सांगून त्याला ते खरंच तसं झालं असं वाटायला लागलं होतं.

अशी काही वर्षं गेली. मोठी मुलगी मंदा लग्नाची झाली. दिवाळीत तिला पाहायला धुळ्याहून, देवपुरातून पाहुणे आले. मुलगा सुकदेव एसटीच्या ऑफिसात कारकून. त्याचे वडील अभिमनआप्पा, आई यशोदाबाई. जीवराम आणि सुंदरबाईही सणाला आलेले होते, त्यामुळे घर भरलेलं. बेबाबाई सकाळपासून चुलीपुढून उठलीच नव्हती.

मंदा पोह्यांच्या बश्या देऊन सतरंजीच्या कडेला खाली मान घालून बसली. विचारायचं ते विचारून झालं. मग कुणालाच काही सुचेना, तसा तोताराम सरसावून बसला.

"आप्पा, तुम्ही समुद्र पाह्यला का? आम्ही सुरतेले गेलो व्हतो तव्हाची गंमत सांगतो."

आत पापड तळणाऱ्या बेबाबाईचा झारा कढईतच राहिला.

तोतारामनं सगळं सांगितलं. मिठी, रडणं, ओलं लुगडं. बायकी आवाजही काढला. अभिमनआप्पा गुडघ्यावर थाप मारून हसले. "बाईमाणूस जमिनीवरच बरं, काय?" मग मंदाकडं बोट करून म्हणाले, "ही आईवर गेली नाही ना? नाहीतर आमच्या सुकदेवाला स्कूटरवरून रोज उतरवावं लागायचं!"

सगळे हसले. सुकदेवही हसला, मंदाकडं पाहून. मंदाचे कान लाल झाले.

बेबाबाईनं कढई खाली उतरवली, हात पदराला पुसले आणि ती बाहेरच्या खोलीत येऊन उभी राहिली. पाहुण्यांपुढं अशी ती कधीच आलेली नव्हती.

"आप्पा," ती म्हणाली, "ते खोटं हाये."

हसणं विरलं. तोताराम म्हणाला, "जाय आत. पापड जयतील."

"जयू द्या. मी रडली नही. ओरडली नही. 'उतरव' म्हनून बोंबलले ते हे. टोपी पडली ह्यायची. उंट बसवला न् हे उतरले, तशी मी एकटी गेली. पार झाडायपावतर गेली न् आली."

"डोकं फिरलं का तुव्हं?" तोताराम उठून उभा राहिला. "लोक बसले अठी!"

"लोकायपुढंच सांगता ना तुम्ही? मंग मी बी लोकायपुढंच सांगते. जीवरामभाऊ, तुम्ही व्हते तठी. सांगा."

जीवरामनं भावाकडं पाहिलं, मग सतरंजीकडं. "आता इतक्या दिवसाचं... मले काय आठवत नही, वहिनी."

नवऱ्याच्या खोट्यानं आला नव्हता एवढा राग तिला दिराच्या त्या विसरण्याचा आला. ती काही बोलणार, तेवढ्यात दारामागून आवाज आला. सुंदरबाई थोरल्या दिरापुढं कधी तोंड उघडत नसे. आताही पदर नाकापर्यंत ओढलेला होता.

"मले आठवतं. दादा उतरले व्हते. अक्का एकट्या गेल्या. मी पोराले घेऊन उभी व्हती, टाया वाजवल्या मी."

यशोदाबाईंनी कप खाली ठेवला आणि बेबाबाईकडं टक लावून पाहिलं. "एकट्या?" त्यांनी हळूच विचारलं. "भीती नाही वाटली?"

अभिमनआप्पांनी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. "चला, गाडी चुकेल," म्हणत ते उठले. सुपारीही घेतली नाही.

पाहुणे वळणाआड होताच तोतारामनं पोह्यांची बशी अंगणात भिरकावली. "पोरीचं लगन मोडलं तू! तुव्ह्या एका उंटापायी!"

"मव्ह्या नही. तुमच्या जिभेपायी," बेबाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिला तो खाली आणायचा नव्हता. "पोर समोर बसलेली, तिच्यापुढं आईचं लुगडं ओलं करता? कुठल्या बापाले शोभतं हे? वर्षान् वर्षं गप बसली. तुमचं नाक राहावं म्हून. तुम्ही मव्हं काय ठेवलं?"

त्यानं हात उगारला. सुंदरबाई मध्ये आली, जीवरामनं मागून धरलं. हात खाली आला, पण त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. सुंदरबाईचं आणि जीवरामचंही माडीवर भांडण झालं, त्याचे शब्द खाली ऐकू येत होते. "आठवत नही म्हने! लाज नही वाटली?"

धुळ्याचा नकार आला. आईचं तोंड सुटलेलं आहे, असं मध्यस्थानं सांगितलं. मंदा ते ऐकून आत गेली. कितीतरी दिवस तिनं आईशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. बेबाबाईला ते सगळ्यात जड गेलं. नवऱ्याचं न बोलणं तिला सोसत होतं, पोरीचं नाही. पण माफी मागावी असं मात्र तिला एकदाही वाटलं नाही.

मग एकदा कापूस वेचताना मंदाच सरीतून जवळ आली. हात चालूच ठेवून म्हणाली, "तो हसला व्हता."

"कोन?"

"तोच. बाबानं तुव्हा आवाज काढला तव्हा मव्ह्याकडं पाहून हसला. मले तव्हाच..." बोंड उपटताना तिनं फांदीच मोडली. "तुव्ह्यावर रागावली मी. त्याच्यावर रागवाले पाह्यजे व्हतं."

"रागाव मंग," बेबाबाई म्हणाली. दोघी वेचत राहिल्या, भराभर, ओटी भरेपर्यंत.

दिवाळीतलं ते भांडण आळीभर ऐकू गेलं होतं. टपरीवर आता तोतारामला उंटाची गोष्ट कुणी विचारत नसे. विचारलीच तर वरच्या आळीतला कुणीतरी बायकी नाही, चांगला पुरुषी आवाज काढून "उतरव रे भाऊ" म्हणायचा. तोतारामनं टपरीवर जाणं कमी केलं. पुढच्या उन्हाळ्यात मंदाचं लग्न सोनगीरला जमलं, तेव्हा पाहुण्यांपुढं तो कपाशीच्या भावाशिवाय काही बोलला नाही.

लग्नानंतरच्या हंगामात शेतात दोघंच राहिली होती. संध्याकाळी कापसाचं गाठोडं बांधताना तो एकदम म्हणाला, "चार लोकांत नाक कापलं तू मव्हं."

ती गाठ आवळत राहिली.

मग खाली पाहून त्यानं विचारलं, "तू खरंच भ्याली नव्हती?"

इतक्या वर्षांत हे त्यानं पहिल्यांदा विचारलं होतं. बेबाबाईनं मान वर केली.

"भ्याली व्हती. तुमच्याइतकीच भ्याली व्हती."

"मंग कायले गेली?"

"जावंसं वाटलं म्हून गेली."

तो आणखी काही विचारेल असं तिला वाटलं. त्यानं विचारलं नाही. रोजच्यासारखा तो गाठोडं तिच्या डोक्यावर द्यायला वाकला, तशी ती म्हणाली, "राहू द्या." गुडघ्यावर घेऊन, मग एका हिसक्यात तिनं ते आपलं आपणच डोक्यावर चढवलं आणि बांधावरून चालू लागली. तिचा राग गेलेला नव्हता. तो जावा अशी तिला घाईही नव्हती.