टिकल्यांची शिकार

आमच्या घरातल्या लोखंडी कपाटाला मोठा आरसा आहे आणि त्याच्या कडेकडेने उज्वलाच्या टिकल्या आहेत. उज्वला म्हणजे माझी बायको. रात्री झोपताना ती कपाळावरची टिकली काढून आरशाला चिकटवायची आणि सकाळी तीच पुन्हा लावायची. डिंक संपला की ती टिकली आरशावर कायमची राहायला यायची. सगळ्याच बायका असं करतात म्हणे. पण मी एसटीत ड्रायव्हर होतो, आरशावर बोटाचा ठसा दिसला तरी माझं डोकं फिरायचं. "आरशाला देवी आल्यात," असं मी तिला जन्मभर म्हणत आलो. ती म्हणायची, "येऊ द्या. तुम्हाला कुठं भांग पाडायचाय?" मला टक्कल तिशीतच पडलं होतं.

तीन वर्षांपूर्वी ती गेली आणि टिकल्या राहिल्या. मग मी आरसा पुसणंच सोडून दिलं.

गेल्या वर्षी रवीचं, म्हणजे मुलाचं लग्न झालं. राखी घरात आली. पोरगी गुणाची, पण तिने सासूला फक्त फोटोत पाहिलेलं. सुरुवातीला एकदा तिने विचारलं, "बाबा, आई कशा होत्या हो?" मी म्हणालो, "चांगली होती," आणि टीव्हीवर बातम्या लावल्या. काय सांगणार? पोरीने पुन्हा विचारलं नाही.

या दिवाळीच्या आधी राखी जळमटं काढायला कुंचा घेऊन खोलीत गेली आणि जोरात ओरडली. मी धावत गेलो. देवळाली कॅम्पात वाढलेली, तोफखान्यातल्या सुभेदाराची लेक पलंगावर उभी होती आणि आरशाकडे बोट दाखवत होती. आरशावर एक कोळी होता. करंगळीच्या नखाएवढा, अंगभर करडी-पांढरी लव, पाय आखूड आणि जाड.

मी चप्पल उचलली. तेवढ्यात त्याने अंगाचा पुढचा भाग उचलला, वळला आणि माझ्याकडे पाहिलं. समोर दोन मोठे काळेभोर डोळे, बाजूला आणखी बारीक बारीक. तोंडापुढे दोन पांढरे केसाळ हात, ते तो वर-खाली करत होता, एखादा म्हातारा मिशीवरून हात फिरवतो तसे. माझी चप्पल हातातच राहिली. मुंगी आपल्याकडे बघत नाही. पालीचं लक्ष किड्याकडे असतं. हा मात्र मलाच बघत होता. मी डावीकडे सरकलो तर तोही डावीकडे वळला. तीन वर्षांत माझ्याकडे इतकं निरखून कुणी पाहिलं नव्हतं.

"बाबा, थांबा," राखी पलंगावरून म्हणाली. "तो बघतोय हो आपल्याकडे."

"मग काय करू, चहा ठेवू?"

तिने मोबाईल काढला. हा कोळी जाळं विणून बसत नाही, उडी मारून शिकार करतो आणि माणसाच्या वाटेला जात नाही, असं त्यात निघालं. तोवर ती पलंगावरून खाली उतरून आरशापाशी आली होती. "किती गोड आहे," ती म्हणाली. "स्वेटरच्या टोपीवरचा गोंडाच जणू." झालं, गोंडा हे नाव पडलं. ज्याचं बारसं झालं त्याला मारणार कोण?

गोंडा आपल्या कामाला लागला होता. आरशाच्या वरच्या कोपऱ्यात एक मखमली मरून टिकली होती. ती त्याला माशी वाटली असावी. तो जागच्या जागी दबला, मग एकेक पाऊल टाकत सरकू लागला. मधेच थांबायचा, पुन्हा सरकायचा. आणि एकदम उडी. टिकली चारी बाजूंनी पकडून त्याने तोंड लावून पाहिलं, सोडली आणि आमच्याकडे वळून अशा नजरेने पाहिलं, जणू आम्हीच त्याला शिळं वाढलं होतं.

मी हसलो, चांगला पोट धरून हसलो. राखी माझ्याकडे बघतच राहिली. तिने माझं हसणं कधी ऐकलंच नव्हतं.

टिकलीचा डिंक वाळून गेलेला, ती खाली पडली. राखीने उचलली. "ही कुठली हो बाबा?"

आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "ही गडावरची."

चैत्रात सप्तशृंगी गडाला यात्रेच्या जादा गाड्या सुटायच्या आणि माझी ड्युटी लागायची. एका वर्षी उज्वला माझ्याच गाडीत येऊन बसली. नवऱ्याच्या गाडीत फुकट गेली असं कुणी म्हणायला नको म्हणून पूर्ण तिकीट काढून, बरोबर माझ्या पाठीमागच्या सीटवर. अख्खा घाट "हळू घ्या, हळू घ्या" चाललं होतं. गाडीतल्या इतर बायकांनाही तिने सामील करून घेतलं. वर पोहोचल्यावर टिकल्यांचं पाकीट घेतलं आणि म्हणाली, "देवीनं आणलं सुखरूप, तुम्ही नाही."

राखी हसून हसून खाली बसली.

त्या दिवसापासून आमचा नेमच झाला. राखी शाळेत शिकवते, दुपारी घरी येते. जेवण झालं की आम्ही दोघं आरशासमोर बसायचो. गोंडा ज्या टिकलीवर उडी मारेल तिची गोष्ट मी सांगायची. टीव्हीमुळे नागासारख्या लांब टिकल्यांची टूम निघाली होती, त्यातली एक निघाली. ती लावून उज्वला रवीच्या शाळेत गेली होती आणि रवी लाजून बाकाखाली लपला होता. एक हिरवी होती, तिच्या भाचीच्या हळदीतली. मला आठवत नव्हतं असं काय काय आठवू लागलं. पडलेल्या टिकल्या राखी सुपारीच्या डबीत ठेवायची. आरसा एका बाजूने मोकळा होत चालला होता, पण माझी तक्रार नव्हती.

फक्त एका टिकलीची मला भीती होती. आरशाच्या अगदी खालच्या बाजूला, बाकीच्यांपासून लांब, एक साधी काळी टिकली होती. गोंडा रोज थोडा थोडा खाली सरकत होता. एका सकाळी मी खोलीत गेलो तर तो तिच्यावरच नजर लावून दबलेला. मी पाण्याचा पेला त्याच्यावर पालथा घातला, खालून कॅलेंडरचा कागद सरकवला आणि त्याला नेऊन कुंपणाजवळच्या जास्वंदीवर सोडलं. राखीला म्हणालो, गेला असेल कुठंतरी.

दुपारी ती आरशासमोर बसली, थोड्या वेळाने उठली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी बातम्या लावल्या. घर पुन्हा पूर्वीसारखं झालं.

शेवटी एका दुपारी तिने टीव्हीचा आवाज कमी केला. "बाबा, गोंड्याला तुम्हीच बाहेर सोडलं ना?"

"टिकल्या पडत होत्या," मी म्हणालो. "एक दिवस सगळ्या पडल्या असत्या. मग माझ्याजवळ काय राहिलं असतं?"

तिने टिकल्यांची डबी माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाली, "तुमच्याजवळ पुष्कळ आहे बाबा. तुम्ही त्यांच्याबरोबर संसार केला. माझ्या वाट्याला आई फक्त टिकली पडली की यायच्या."

मी उठलो. चष्मा घातला आणि अंगणात गेलो.

जास्वंदीचं पान न् पान उलटून पाहत होतो. कुंपणापलीकडून देवराम, आमचा शेजारी, म्हणाला, "सोमनाथराव, काय हरवलं?"

"कोळी."

"आमच्याकडे ढीगभर आहेत. पाहिजे तेवढे न्या."

मी आणखी खाली वाकलो. पार खालच्या फांदीला, दुमडलेल्या पानात पांढऱ्या धाग्यांचं इवलंसं अंथरूण दिसलं आणि त्यातून दोन काळे डोळे बाहेर आले. तोच होता का, देव जाणे. पण त्याने मान उचलल्यासारखं करून माझ्याकडे पाहिलं, तेवढं मला पुरलं. मी हात पुढे केला. त्याने अंतराचा अंदाज घेतला आणि माझ्या पंजावर उडी मारली.

राखीने त्याला आरशावर उतरवलं आणि आम्ही बसलो. तो वर जाईल अशी मला आशा होती, वर अजून पुष्कळ टिकल्या होत्या. तो खाली निघाला. काळ्या टिकलीपासून वीतभर अंतरावर दबला. मी नुसता हात आडवा धरला असता तरी भागलं असतं. राखीनेही माझ्या हाताकडे पाहिलं. मी तो मांडीवरच ठेवला.

गोंड्याने उडी मारली आणि टिकली पडली. राखीने ती उचलून तळहातावर घेतली.

"ही एवढी खाली का, ते सांगतो," मी म्हणालो. "शेवटी शेवटी तिला उभं राहवत नव्हतं. स्टुलावर बसून वेणी घालायची. ऑपरेशनला जायचं त्या दिवशी रिक्षा दारात हॉर्न वाजवत होती आणि ही टिकली काढून आरशाला लावत बसली. मी म्हटलं, अगं असू दे कपाळावर, चल तशीच. तर म्हणाली, तिथं काढायलाच लावतात, कुठंतरी पडून जायची. इथं राहू दे. आल्यावर हीच लावते."