पहिल्या रांगेतली कुजबुज

प्रॉम्प्टरने पहिल्या रांगेतल्या अगदी कडेच्या खुर्चीवर रुमाल टाकला आणि तिथे बसू पाहणाऱ्या गृहस्थांना गोड हसून म्हटलं,

"माफ करा हं, मला इथूनच नीट ऐकू येतं."

हे धादांत खोटं होतं. त्याचे कान चांगले शाबूत होते. पण या खुर्चीपासून बोलणाऱ्याच्या टेबलापर्यंत मधे काही नव्हतं, आणि आपली कुजबुज किती लांब पोचते हे त्याला नेमकं ठाऊक होतं. सगळा जन्म नाटकाच्या विंगेत गेला होता. मोठमोठ्या नटांच्या तोंडात त्याने विसरलेली वाक्यं घातली आणि टाळ्या त्यांनी घेतल्या. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. त्याला सलत होता तो एकच दिवस.

त्याची मुलगी, धाकटी, तेव्हा शाळेत होती. घरात थोरली कुणी नव्हतीच. चुलत भावंडांत शेवटची म्हणून नाव पडलं ते पडलं. पाठांतराच्या स्पर्धेत ती अर्ध्यावर अडली, अंगठा बोटांवर घासत उभी राहिली, आणि हा मागे इतर आईबापांत ओठ घट्ट मिटून बसला. पालकांनी सांगायचं नसतं ना! खाली उतरल्यावर तिने रडत विचारलं होतं, "बाबा, तुम्ही सगळ्यांना सांगता. मग मलाच का नाही सांगितलंत?" त्यानंतर ती पुन्हा म्हणून व्यासपीठावर चढली नव्हती. आज चढणार होती.

कारणही तसंच होतं. कॉलेजची मुलं आपापला अभ्यास लोकांपुढे मांडणार होती, आणि त्यांतल्या एकाला मोठ्या विद्यापीठात फुकट शिकायला मिळणार होतं. धाकटीला तिथे एक जुनी भाषा शिकायची होती, जी आता कुणीच बोलत नाही. जागा हुकली तर मामाच्या छपाईच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं ठरलं होतं. मामा माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या गल्ल्यावर कविता वाचत बसायची सोय नव्हती.

मुलं एकापाठोपाठ एक उठली. नुकतीच मिसरूड फुटलेल्या एकाने कुठल्याशा सम्राटाने चांदीच्या नाण्यांत तांबं कसं मिसळलं आणि मग बाजारात धान्य कसं कडाडलं ते असं काही रंगवून सांगितलं, की प्रॉम्प्टरने नकळत स्वतःचा खिसा चाचपला. एका मुलीने प्राचीन शहरातल्या भिंतींवरच्या निवडणुकीच्या घोषणा वाचून दाखवल्या. सगळी आश्वासनं ओळखीची निघाली आणि सभागृह हसून हसून बेजार झालं. काय ही पोरं! कुठून आणतात एवढं? प्रॉम्प्टरचा ऊर अभिमानाने भरून आला, आणि यांच्यापुढे आपल्या पोरीचा निभाव कसा लागणार अशी लगेच धास्तीही वाटली.

मग धाकटी उभी राहिली. नाव हरवलेल्या एका कवयित्रीबद्दल ती बोलली. बहीण समुद्रापार गेल्यावर मागे राहिलेल्या त्या बाईचं घर, माग, अंगण तिने शब्दांनी उभं केलं. कागद न बघता बोलली. एकदाही अडखळली नाही. शेवटी तिने स्वतः मराठीत आणलेली ती कविता म्हणायला घेतली.

"तुझी फणी अजून खिडकीत आहे.
कालपर्यंत तिच्यात तुझा एक केस होता.
मी दार लावत नाही. लोक विचारतात, का?
मी त्यांना सांगते"

आणि ती थांबली.

प्रॉम्प्टर खुर्चीत पुढे सरकला. पुढची ओळ त्याला पाठ होती. महिनाभर स्वयंपाकघराच्या दाराआडून त्याने तिची तालीम ऐकली होती. इथे ती रोज जराशी थांबायची. पाणी पीत असेल, असं त्याला वाटे. आज टेबलावर पाण्याचा पेला तसाच होता. सभागृहात कुणीतरी खोकलं. परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. तरी धाकटी गप्पच. आणि मग त्याला दिसलं, तिचा अंगठा बोटांवर घासायला लागला होता.

या वेळी तो ओठ मिटून बसणार नव्हता.

"एवढंच सांगायचं होतं," तो कुजबुजला.

तिची मान किंचित हलली.

"एवढंच सांगायचं होतं," ती सभागृहाला म्हणाली. "आता वारा पडला आहे."

टाळ्या थांबल्यावर परीक्षक बाईंनी विचारलं, "मधे इतका वेळ का थांबलीस?"

"तिथे मूळ पान फाटलंय, बाई. त्या ओळी जगात कुणाकडेच नाहीत. आपल्या पदरच्या घालायच्या नाहीत, असं मी ठरवलं. म्हणून तिथे थांबले."

प्रॉम्प्टरला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. जन्मात कधी चुकीच्या जागी तोंड उघडलं नव्हतं, ते आज उघडलं. आणि कुणाच्या कामात, तर पोटच्या पोरीच्या. पुढचं त्याच्या कानावरून नुसतं वाहून गेलं. जागा धाकटीला मिळाली, हेही शेजारच्या गृहस्थांनी हात धरून जोरजोरात हलवला तेव्हा त्याला कळलं.

बाहेर पायऱ्यांवर तो तिच्याकडे न बघताच बोलला.

"मला माहीत नव्हतं गं. मला वाटलं, तू विसरलीस."

"विसरलेच होते."

तो वळला.

"थांबायचं तेवढं थांबले," धाकटी म्हणाली. "चार श्वास, असं सरांशी ठरलं होतं. मग पुढचं आठवेचना. अगदी शाळेतल्यासारखं झालं, बाबा. समोर सगळं पांढरं. आणि बाई मला काय म्हणाल्या माहितीये? एवढी मोठी शांतता पेलायला छाती लागते!" ती हसायला लागली आणि हसता हसता तिने ओढणीने डोळे पुसले. "कुणाला ऐकूसुद्धा गेलं नाही. फक्त मला."

"दुसऱ्या रांगेपर्यंत जाता कामा नये," तो म्हणाला. "धंद्याचा पहिला नियम आहे."

"या वेळी सांगितलंत."

त्याला यावर काहीतरी बोलायचं होतं. त्याने तोंड उघडलं, मिटलं, चष्मा काढून शर्टाला पुसला. शब्द काही येईना. धाकटी त्याच्या शेजारी पायरीवर थांबून राहिली. तिने काही सुचवलं नाही.