नंतर या

"दादा, हॉस्पिटलला आपल्या कंपनीचाच मेल आयडी दे. घरचं दुकान आहे!" असं छाती फुगवून सांगणारा मीच. कंपनीचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. थोरला भाऊ त्याच कंपनीत साचे कोरायचा. दोन्ही डोळ्यांवर पांढरं चढत गेलं आणि हातातलं काम सुटलं, तरी त्याचा कंपनीतला मेल मी चालूच ठेवला होता. नव्या बुबुळासाठी कधीपासून रांगेत होता.

आज दुपारी हॉस्पिटलचा फोन आला. बुबुळ मिळालंय, मेल पाठवलाय, चारच्या आत त्यातली लिंक दाबून होकार द्या, नाहीतर पुढच्या पेशंटला जाईल.

मेल काही येईना. वहिनी तडक ऑफिसात माझ्या खोलीत हजर. "भाऊजी, सगळ्या कंपनीचं टपाल पोचवता आणि घरचंच एक अडलं?"

सर्व्हरचा लॉग, म्हणजे आल्यागेल्याची नोंद, उघडला. हॉस्पिटलचा सर्व्हर दारात येऊन गेला होता आणि आमच्या शहाण्या सर्व्हरनं त्याला सांगितलं होतं: पत्ता तपासता येत नाही, नंतर या. सकाळीच मी सगळ्यांचे मेलचे पत्ते साध्या फाइलीतून काढून डेटाबेसमध्ये टाकले होते. वर तपासूनही पाहिलं होतं!

डेटाबेसला हातानं विचारलं, दादाचा पत्ता आहे का? उत्तर आलं, आहे. पुन्हा विचारलं. आहे! मग हाकलतंय कोण? पासवर्ड बदलला, सर्व्हर बंद करून चालू केला, शिव्या घातल्या.

"आहे म्हणतोय ना तो? मग?"

"तेच तर कळत नाहीये, वहिनी!" मी खेकसलो. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. मला जास्तच लागलं ते.

हॉस्पिटलला फोन लावला. फोनवर होकार चालत नाही. पत्ता बदलायला अर्ज करा, उद्या बघू.

मग डोक्यात प्रकाश पडला. हातानं विचारणारा मी मशीनभर मोकळा फिरतो. दारावर मेल घेणारा प्रोग्राम मात्र सुरक्षेसाठी एका फोल्डरात कोंडलेला, आणि डेटाबेसकडे जायची वाट त्या फोल्डरच्या बाहेर. बिचारा विचारणार कुणाला? कपाळ माझं! एक ओळ बदलली, त्याला दुसरी वाट दिली. चालू झालं.

"झालं, वहिनी!"

"आला मेल?"

"नाही."

आता हे कसं समजावू? दारातून परत गेलेला मेल ओढून आणता येत नाही. त्यांचा सर्व्हर येईल तेव्हा येईल, आणि प्रत्येक नकारानंतर तो आधीपेक्षा जास्त वेळ थांबतो.

"म्हणजे नुसतं बसून राहायचं?"

"हो."

पुन्हा पाठवा म्हणून सांगायला फोन लावत राहिलो. "आपण रांगेत आहात" आणि ती मेली पिपाणी. घड्याळाकडे बघायची हिंमत होईना. जन्मात इतकं लाचार वाटलं नव्हतं.

चार वाजून गेल्यावर मेल आला. लिंक दाबली. मुदत संपली होती.

वहिनींनी माझ्या हातून माउस घेऊन पुन्हा दाबली. तेवढ्यात दादाचा फोन.

"आला का रे?"

"आला."

"वाच की मग. मला कुठं दिसतंय?"

मी वाचलं. "आपल्यासाठी बुबुळ उपलब्ध झाले आहे." पुढची मुदतीची ओळ मी वाचलीच नाही. तिकडे दादा हसला, कितीतरी दिवसांनी मोकळा हसला.

"मग दाब ना लवकर! घरचंच दुकान आहे, वाट कुणाची बघतोस?"