चौथ्या रांगेची दुपार

"हा लाल ठिपका कसला?" मामांनी अंधारात विचारलं. चाचणीपुरते खोलीतले दिवे मालवले होते.

शिडीवरून कॅमेरावाला म्हणाला, "काही नाही हो. अंधारात बघायला कॅमेऱ्याला स्वतःचा उजेड लागतो. तो माणसाला दिसत नाही."

"मला दिसतोय की. मी माणसात मोडत नाही का?"

कॅमेरावाला हसला. मामा हसले नाहीत. "झाडाला आपल्यापेक्षा जास्त दिसतं. हा उतरवा. ज्याचा ठिपका दिसत नाही तो आणा."

"पण बाई म्हणाल्या..."

"बाईंशी मी बोलतो. तुम्ही आधी खाली या."

त्या बिनखिडक्यांच्या खोलीत दिवस उलटा चालायचा. रात्रभर दिवे, सकाळी सातला ते बंद आणि मग रात्री नऊपर्यंत मिट्ट काळोख. रोज चौदा तास सलग अंधार मिळाला तरच शेवंती कळी धरते. मध्येच उजेड घुसला की नुसती पाल्याने माजते. एकोणीस वर्षं मामा आणि मामी मिळून हा अंधार राखत आले होते. मामींना जाऊन आठ महिने झाले. तेवढ्या काळात दोन लागवडी झाल्या आणि दोन्ही वेळा बाकीच्या रांगा फुलल्या, चौथीत मात्र एकही कळी धरली नाही. चौथी रांग मामींची होती.

पॅकिंगमधल्या बायका दबक्या आवाजात बोलत. "मामींचा जीव अडकलाय त्या रांगेत," असं एकजण म्हणाली, ते मामांच्या कानावर आलं.

"तिचा जीव अडकला असता, तर सगळ्यात आधी तिथंच फूल आलं असतं," एवढंच ते म्हणाले.

मालकीणबाईंचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. "कोणीतरी दुपारचं आत जातंय, मामा. भूत कॅमेऱ्यात येत नाही, माणूस येतो."

मामांनी मान डोलावली. ते स्वतः रोज दुपारी आत जात होते. पण 'कोणीतरी' म्हटल्यावर त्यांनी स्वतःला त्यात धरलंच नव्हतं. अंधार राखणारा तो कोणीतरी कसा?

दुसरा, बिनठिपक्याचा कॅमेरा लागला. तिसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना ऑफिसात बोलावलं. पडद्यावर खोली राखाडी दिसत होती आणि शेवंतीची पानं राखेसारखी पांढरीफटक. कोपऱ्यात वेळ होती, दुपारचा दीड.

दार किलकिलं झालं. फिकट कोट, डोक्याला टोपी. ती आकृती रांगांमधून पुढे आली, आखूड पावलं टाकत, डावा पाय किंचित ओढत.

मामांनी टेबलाची कड धरली. ही चाल त्यांनी आयुष्यभर ऐकली होती. पहाटे स्वयंपाकघरात, जिन्यावर, शेवटी शेवटी दवाखान्याच्या फरशीवर.

"बघा, चालच सांगते बाईमाणूस आहे," बाई म्हणाल्या. "पॅकिंगमधली ती नवी. जेवणाच्या सुट्टीत एकटीच कुठेतरी गायब असते. आजच काढते तिला."

मामांना काही ऐकू येत नव्हतं. पडद्यावरची ती चौथ्या रांगेपाशी थांबली. हातातली बॅटरी एकेका कुंडीवर फिरवली. बराच वेळ. मग स्टुलावर बसून डबा उघडला आणि अर्धं जेवण झाकणात काढून शेजारी ठेवलं, समोर कोणी बसलेलं असावं तसं.

तेव्हा त्यांना कळलं.

आत जाताना आतल्याच चपला घालायच्या, हा खोलीचा नियम. त्यांच्या स्वतःच्या तुटल्या, तेव्हापासून ते मामींच्या घालत होते. दोन बोटं लहान. त्यात पाऊल आखूडच पडायचं, आणि मामींच्या चालीने झिजलेली डावी चप्पल तशीच ओढली जायची.

एवढं समजूनही डोळे पडद्यावरून हलेनात. ती पुन्हा उठून चालली असती तर बरं झालं असतं.

बाईंनी फोन उचलला.

"थांबा, बाई," मामा म्हणाले. "ती नव्हे. तो मी आहे."

"तुम्ही? मामा, उगाच कोणाला पाठीशी घालू नका."

"पाठीशी काय घालायचंय! जेवायला जातो मी तिथं. रोज."

बाईंनी फोन खाली ठेवला. "आणि बॅटरी लावता? तुम्ही?"

"हिरवी आहे ती. हिरवा मंद उजेड झाडाला बाधत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. हिनेच कागद बांधला होता काचेवर." त्यांनी कोटाच्या खिशातून बॅटरी काढून टेबलावर ठेवली.

बाईंनी उठून पडदे ओढले आणि बॅटरी भिंतीवर धरली. भिंतीवर उजेडाचं वर्तुळ पडलं. ते हिरवं नव्हतं, पांढरं होतं. कागदाचा रंग कधीच उडून गेला होता. रोज थोडा थोडा, त्यांच्या डोळ्यांदेखत.

मामांनी बॅटरी त्यांच्या हातातून घेऊन विझवली.

"मीच मारल्या कळ्या," मामा म्हणाले. "दोन्ही वेळा."

"मामा..."

"आता दुपारचा नाही जाणार आत. तुम्ही दाराला कुलूप घाला. किल्ली तुमच्यापाशी ठेवा."

"कुलूप कशाला? तुम्ही म्हणालात, झालं."

"घाला," मामा म्हणाले. "माझा भरवसा नाही."

नवी लागवड अंधारात गेली. मामा दुपारी पॅकिंगच्या शेडमध्ये जेवू लागले. चौथ्या आठवड्यात चौथ्या रांगेत बाजरीच्या दाण्याएवढ्या कळ्या दिसल्या, सहाव्यात त्या मटाराएवढ्या झाल्या. त्या दिवशी कॅमेरावाला तपासणीला आला होता. मामा त्याच्या मागे जाऊन उभे राहिले.

"ते मागचं... त्या दुपारचं. असेल का अजून त्यात?"

"नाही मामा. पंधरा दिवसांनी जुनं आपोआप पुसलं जातं, त्यावर नवं येतं. काही हवं होतं का?"

"छे. सहज विचारलं."

सकाळचे साडेसहा झाले होते. दिवे बंद व्हायला अर्धा तास होता. मोठं फूल हवं तर एका दांड्यावर एकच कळी ठेवायची आणि बाजूच्या सगळ्या खुडायच्या. मामा चौथ्या रांगेत वाकले आणि पहिल्या कुंडीपासून सुरुवात केली.