चष्मेवाल्यानं कुणालाच नाही म्हटलं नाही

सरकून बसा जरा. यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एका चष्मेवाल्याचा कॉम्प्युटर इतका सावकाश सुरू व्हायचा, की त्यानं सकाळी गुळगुळीत दाढी करून बटण दाबावं आणि पडद्यावर चित्रं उमटेपर्यंत हनुवटीला खुंट टोचावेत. एकदा तर कोळ्यानं बटणापासून माउसपर्यंत जाळं विणलं, त्यात पोरंबाळं वाढवली आणि शेवटी कंटाळून बिऱ्हाड हलवलं. म्हणून चष्मेवाला तो बंदच करायचा नाही. आठ महिने सलग चालू.

आणि एका पहाटे वीज गेली.

वीज आली, पण पावणेदहाला बसचा ड्रायव्हर दारात उभा राहिला तेव्हाही पडद्यावर एक पांढरा गोल नुसता फिरत होता. ड्रायव्हरला अकरा वाजता समोरच्याच डेपोत डोळ्यांची तपासणी द्यायची होती. लांबच्या पाट्या हल्ली त्याला धुरकट दिसायच्या. नापास झाला की अठरा वर्षांची गाडी हातातून जाणार आणि चौकशीच्या खिडकीमागे बसावं लागणार.

"झाला ना चष्मा?"

"झाल्यातच जमा. काचा आल्यात, फ्रेम आलीय. फक्त फ्रेमच्या मापानं काचा घासायच्या. दहा मिनिटांचं काम."

"मग घासा की!"

काय घासणार कपाळ! मशीन कोपऱ्यात तयार होतं, पण कॉम्प्युटरनं माप सांगितल्याशिवाय ते जागचं हलत नव्हतं. चष्मेवाल्यानं दोनदा बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला, दोनदा चालू केला. त्याचा कॉम्प्युटरला राग आला असावा, कारण त्यानं स्वतःचीच झडती घ्यायला सुरुवात केली. चार टक्के. पाच टक्के. चष्मेवाला एकच काच पुन्हा पुन्हा पुसत राहिला. खुर्चीत बसल्या बसल्या ड्रायव्हरचा उजवा पाय जमिनीवर ॲक्सिलरेटर शोधत होता.

"इतकं दाबू नका, दुकान पुढे सरकेल," चष्मेवाला म्हणाला.

सव्वादहाला त्यानं मेव्हणीला फोन लावला. ती पलीकडच्या शाळेत कॉम्प्युटर सांभाळायची. मधल्या सुट्टीत धावत आली, तेव्हा कुठे पडदा उघडला होता आणि त्यावर एकावर एक खिडक्या टपाटप उघडत होत्या. माप सांगणारा प्रोग्रॅम त्या गर्दीत कुठेतरी रांगेत उभा होता.

"भाऊजी, हे दुकान आहे की धर्मशाळा?" तिनं सुरू होताना आपोआप उघडणाऱ्यांची यादी काढली. "सदतीस! हवामान सांगणारे तीन. बुद्धिबळ. रेडिओ. हा प्रिंटर कुठाय?"

"तो विकला."

"त्याचा मदतनीस अजून रोज कामावर येतोय. आणि तीन-तीन अँटिव्हायरस? पहिला दुसऱ्याची झडती घेतो, दुसरा तिसऱ्याची. ह्यांना आत घेतलं कुणी?"

चष्मेवाला ओशाळला. "विचारलं त्यांनी. 'सुरू होताना मीही येऊ का?' म्हणून."

"मग?"

"मग हो म्हटलं."

"सगळ्यांना?"

"अगं, तीस वर्षं मी समोरच्याला विचारतोय, हे स्पष्ट दिसतं की ते? जो गप्प बसतो त्याचा असा राग येतो मला! आता कुणी मला विचारलं तर मी गप्प कसा बसू? आणि इतकं नम्रपणे विचारल्यावर नाही तरी कसं म्हणू?"

"ताईला बरं पटापट म्हणता," मेव्हणी म्हणाली आणि तिनं त्यालाच गिऱ्हाइकाच्या उंच खुर्चीत बसवलं. "आता मी विचारते. हा हवा की नको?"

"अं... पुन्हा दाखव."

"हवामान. हवं की नको?"

"तसं बरं असतं... पण ढग खिडकीतूनही दिसतात म्हणा..."

"नको म्हणा हो!" ड्रायव्हर ओरडला. भिंतीवरच्या घड्याळात दहा चाळीस झाले होते.

"नको," चष्मेवाला डोळे मिटून म्हणाला. पहिला नकार दात उपटल्यासारखा आला. दुसरा जरा सोपा गेला. दहाव्यापासून तर त्याला चवच लागली. मेव्हणीचं विचारून व्हायच्या आत तो म्हणायला लागला, नको, नको, तोही नको, आणि शेवटच्या तडाख्यात माप सांगणाऱ्यालाही हाकलणार होता, तेवढ्यात तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. यादीत तो प्रोग्रॅम एकटा राहिला. तिनं कॉम्प्युटर बंद केला.

आता हे नीट ऐका. चष्मेवाल्यानं बटणाकडे बोट नेलं. बोट अजून वीतभर लांब होतं आणि कॉम्प्युटर सुरू! मशीन घुर्र करून काचेवर तुटून पडलं. दहा चोपन्नला चष्मा ड्रायव्हरच्या नाकावर बसला आणि तो रस्ता ओलांडून धावला.

मागोमाग चष्मेवालाही, पायातली चप्पल दुकानातच विसरून. डेपोच्या खिडकीला नाक लावून तो उभा राहिला. आत ड्रायव्हरनं तक्ता वाचायला घेतला. वरची ओळ, मधली ओळ, मुंगीएवढी शेवटची ओळ. तिच्याखाली छापखान्याचा पत्ता होता, तोही वाचला. मग डॉक्टरांच्या पाठीमागच्या खिडकीतून, तीन गल्ल्या पलीकडे गच्चीवर एक म्हातारी पेपर वाचत होती, त्या पेपरातलं शब्दकोडं त्यानं उभं आडवं...

"थापा!" गोष्ट ऐकत बाकाच्या टोकाला बसलेला चष्म्यातला माणूस उठून उभा राहिला. "अहो, तो ड्रायव्हर मी! शेवटची ओळ मला आलीच नाही. चौथ्या ओळीपर्यंत कसाबसा पोचलो. तेवढं चालतं म्हणाले, म्हणून अजून गाडीवर आहे!"