झोक्याच्या पट्ट्या आणि रूपचंदची फटफटी

घरातलं लोखंड कुणाला विचारून उचलावं, हे रूपचंदला ठाऊकच नव्हतं. तापीबाईच्या मते हा गुण तिच्या या नातवाने सुनेच्या माहेराहून आणला होता, कारण तिच्या घरात असलं कुणी निपजणं शक्य नव्हतं. त्याने गोठ्याची कडी नेली, ती बोलली नाही. रहाटाचा बोल्ट नेला, ती फक्त दोन दिवस बोलली. पण गुरुवारी पूजा आटोपून ती झोक्यावर टेकायला गेली, तर झोक्याची फळी भिंतीला उभी, आणि वरच्या आडव्या लोखंडी नळाला झोका धरणाऱ्या दोन्ही पट्ट्या गायब.

तापीबाई जमिनीवर बसून कुणाला नाही म्हणू शकत नाही, हे सगळ्या कोरीट गावाला माहीत होतं. भाऊबंदांचे तंटे असोत की सोयरिकी, ती झोक्यावरून, पायाने जमीन ढकलत निकालात काढायची. आणि येत्या रविवारी धाकट्या नातीला, सिंधूला बघायला शहाद्याची माणसं येणार होती. त्यांच्यापुढे चटईवर बसायची पाळी आली, तर ते म्हणतील त्याला मान डोलवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पट्ट्या कुठे गेल्या हे विचारायला नको होतं. रूपचंदने तळोद्याच्या एका साहेबाची जुनी फटफटी घेतली होती. पडलं तर पाय इंजिनाखाली सापडू नये, म्हणून पुढे बसवायचा लोखंडी गार्डही धुळ्याहून आणला होता. गार्ड निघाला भलत्याच फटफटीचा. त्याची भोकं जुळेनात, आणि त्याला धरायच्या पट्ट्या तर सोबत नव्हत्याच.

तापीबाईने छकडा जुंपायला लावला आणि नंदुरबारला बशीर मिस्त्रीच्या दुकानापुढे जाऊन उभी राहिली. बशीरने तीस वर्षं या घरच्या चाकांना लोखंडी धावा चढवल्या होत्या. तो उठून उभा राहिला. रूपचंद फटफटीच्या मागे गेला.

बशीरने आधी आपली बाजू मांडली. पट्ट्या मापाच्या वाटल्या, बोल्टही बसले, पण कितीही आवळा, गार्ड फटफटीच्या नळीवर गोल फिरतोच. मधे सायकलची ट्यूब घातली, तर इंजिन तापल्यावर ती वितळली आणि गल्लीभर वास सुटला. पत्रा घातला, तोही सरकला.

शिव्या द्यायलाच आलेली तापीबाई मधेच थांबली. तिने वाकून पट्टीच्या आत बोट फिरवलं. आत नुसतं लोखंड.

"यामझारलं चामडं कोठे शे?"

रूपचंदने सांगितलं, की तो कुजका तुकडा होता, उकिरड्यावर फेकून दिला.

तापीबाईने बशीरकडे पाहिलं. बशीरने कपाळाला हात लावला. झोका टांगताना तिच्या नवऱ्यालाही हीच अडचण आली होती. नळ बारीक, पट्ट्या मोठ्या. त्याने विहिरीवरची जुनी मोट फाडली, तिचं चामडं एरंडेलात मुरवलं आणि पट्टीच्या आत गुंडाळलं. बारा वर्षांत झोका तसूभर सरकला नव्हता, करकरला नव्हता.

झोका नसल्यामुळे निकाल तिला छकड्यावर चढून द्यावा लागला. पट्ट्या आजच घरी जातील. बशीर जुन्या धावेच्या नव्या दोन घडवील. चामडं दोन्हीकडे निम्मं निम्मं. आणि ते चामडं शोधील तो, ज्याने फेकलं.

रूपचंद नव्या टेरेलीनच्या विजारीत दिवसभर उकिरडा उपसत होता. जाणारा-येणारा थांबून कुठे खणावं ते सांगत होता, आणि प्रत्येकाची जागा वेगळी होती. अखेर चामडं सापडलं, होतं तसंच चिवट.

रविवारी शहाद्याची माणसं बाजेवर बसली, तापीबाई झोक्यावर. त्यांनी लग्न शहाद्याला व्हावं म्हटलं. तिने पायाने जमीन ढकलली आणि नाही म्हटलं. झोका करकरला नाही. पाहुण्यांनी मान डोलवली. मग तिने रूपचंदला नंदुरबारहून जिलबी आणायला सांगितलं.

रूपचंदने पाहुणे बघताहेत याची खात्री करून किक मारली, ऐटीत वळला, आणि अंगणाच्या तोंडाशी चाक मोरीत घालून फटफटीसकट आडवा झाला. पाहुणे उठून धावले. धूळ बसली तेव्हा गार्ड जमिनीला टेकलेला, केसभरही न फिरलेला, आणि रूपचंदचा पाय त्याच्या आडोशाला शाबूत. त्याने आधी गार्ड चाचपला, मग पाय, मग वर पाहिलं.

तापीबाईने झोका थांबवला नव्हता.

"गार्ड पास झाया, रूपचंद. तू नापास. फटफटी तठेच राहू दे, जिलबी पायी जाईसन आन."